हा साप मरत नाही

नोकियाच्या फोनवरचा साप मेला की मरायचा. भिंतीवर डोकं आपटलं किंवा स्वतःच्याच अंगाला तोंड लागलं, की कारभार आटोपला. पडद्यावर गुणांचा आकडा यायचा आणि त्यापुढे कुणी काही बोलायचं नाही. आपणही आकड्याकडे क्षणभर बघून 'च्यक' करायचो आणि एक तर पुन्हा सुरुवात करायचो, नाही तर बस आली म्हणून फोन खिशात टाकायचो. सुतक पाळायची पद्धत नव्हती.

हल्लीच्या सापाचं तसं नाही. तो मरतो, पण त्याला मरू देत नाहीत. डोकं आपटताक्षणी पडद्याच्या मधोमध एक गुलाबी हृदय धडधडायला लागतं, त्याखाली हिरवंगार बटण उगवतं आणि पाच, चार, तीन असे आकडे उलटे पळू लागतात. जाहिरात बघा, जिवंत व्हा! 'नको' म्हणायची सोयही असते. पण ती जरा थांबून, फिक्या राखाडी अक्षरांत, अगदी तळाशी येते. सत्यवानाला परत आणायचं तर सावित्रीला यमाच्या मागे रानोमाळ हिंडावं लागलं, शब्दाला शब्द लावून त्याला पेचात पकडावं लागलं. इथे यमच मागे लागलाय. 'अहो, न्या की परत, फक्त तीस सेकंद लागतील' म्हणतोय.

मुळात हा साप आपल्याकडे रुजला तो फोनचे दर जबर होते म्हणून, असं माझं ठाम मत आहे. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला. कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केला. दोघांनाही बिलाची चिंता नसावी. बाकीच्यांना होती. तेव्हा आपण फोन केला तर पैसे पडायचेच, पण दुसऱ्याने केलेला उचलला तरी पडायचे. येणारा फोन फुकट व्हायला २००३ उजाडावं लागलं. म्हणजे हातात हजारो रुपयांचं यंत्र, कमरेला त्याचं चामड्याचं पाकीट, आणि वाजलं की मालकाच्या पोटात गोळा. आधी नंबर बघायचा, मग फोन कापायचा, मग कोपऱ्यावरच्या पीसीओत जाऊन एक रुपयाचं नाणं टाकून विचारायचं, 'काय काम होतं?'

अशा बोलायला परवडत नसलेल्या यंत्राचं माणसाने करायचं काय? ते तनेली अर्मान्टो या फिनलंडच्या इंजिनिअरने परस्पर ठरवून टाकलं होतं. १९९७ च्या नोकिया ६११० साठी त्याने साप लिहिला. हा खेळ त्याच्या आधीचा, १९७६ चा. अमेरिकेतल्या ग्रेम्लिन कंपनीने 'ब्लॉकेड' नावाचं यंत्र काढलं होतं. त्यात दोन खेळाडू आपापल्या मागे भिंत बांधत पळायचे आणि जो आधी कशावर तरी आपटेल तो हरायचा. अर्मान्टोने तो नाण्यावर चालणारा खेळ तळहातावर आणला. पडदा आडवे ८४ आणि उभे ४८ ठिपके. एकूण ४०३२. आज गेमच्या नुसत्या आयकॉनला याच्या कितीतरी पट ठिपके लागतात. तेवढ्या जागेत एक काळी वळवळ आणि एक टिकली. दोन वर, आठ खाली, चार डावीकडे, सहा उजवीकडे. ही चार बटणं अंगठ्याखाली इतकी झिजायची की जुना फोन घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक आधी बटणांवरचे आकडे बघायचं. दोन, चार, सहा, आठ पुसट आणि बाकीचे ठळक दिसले, तर फोन कामासाठी वापरलेला नाही हे कळायचं.

पुढे ३३१० वर सुधारलेला साप आला. त्याला भिंतीतून आरपार जाता यायचं. उजवीकडे घुसला की डावीकडून बाहेर. आणि ११०० मध्ये तर साप आणि टॉर्च दोन्ही होते. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत ही मोठी चैन. घरातल्या एका फोनवर दोन हक्कदार असायचे. आईला त्याचा उजेड हवा असायचा आणि पोराला त्याचा साप. पोळी करपल्याचा वास आला की निकाल लागायचा.

मरणाचा मान राखणारा आणखी एक साप होता. तो आमच्या पिढीला कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये भेटला. चपला बाहेर काढून आत जायचं, कारण धुळीने कॉम्प्युटरला काहीतरी होतं अशी सार्वत्रिक समजूत होती. एसी कॉम्प्युटरसाठी असायचा, आपण त्याच्या थंडाव्यात चोरून बसायचो. १९९१ च्या डॉसबरोबर क्यूबेसिक यायचं आणि त्याच्यासोबत 'निबल्स' नावाचा साप. खरं तर दोन साप, त्यांना रीतसर नावंही होती. सॅमी आणि जेक. पाच-पाच जीव मिळायचे. सॅमी आपटला की पडद्यावर सरळ यायचं की सॅमी मेला, स्पेस दाबा. इतकी नेटकी मृत्युवार्ता वर्तमानपत्रातही छापून येत नाही. ना 'अल्पशा आजाराने', ना 'शोकाकुल परिवार'. आणि तो प्रोग्रॅम उघडून आत डोकावता यायचं. काही हुशार पोरं पाचाच्या जागी पन्नास लिहून सॅमीला दीर्घायुषी करायची. त्यासाठी त्यांना कुठली जाहिरात बघावी लागली नाही. प्रॅक्टिकलला दोन मार्क कमी पडले एवढंच.

आपल्याकडे सापाचा खेळ म्हटला की खरं तर साप समोरच्या पार्टीत असायचा. सापशिडीत तो गिळायचा आणि आपण गिळले जायचो. त्या पटाचं मूळ मोक्षपटात, आणि मोक्षपट परंपरेने ज्ञानदेवांच्या नावावर. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे. नोकियाने ही नीतिमत्ता उलटी केली. आपणच साप. वर पुन्हा लोभ हाच गुण, जितकं खाल तितके मार्क. मात्र खाल्लेलं सगळं अंगाला लागायचं आणि त्या वाढलेल्या अंगातच शेवटी तोंड अडकायचं. म्हणजे ज्ञानदेवांचा मुद्दा फिनलंडमार्गे परत आलाच.

नव्या खेळात हेच कलम रद्द झालंय. २०१६ मध्ये मिशिगनच्या स्टीव्ह हाउसने 'स्लिदर डॉट आयओ' काढला, आणि आज दिसणारे बहुतेक साप त्याच वंशावळीतले. त्यात स्वतःच्या अंगावरून खुशाल जा, काही होत नाही. गुंडाळी करा, गाठ मारा, स्वतःवर तीन मजले चढवा. दुसऱ्याच्या अंगाला डोकं लागलं की मात्र संपलात. आणि संपलेल्या सापाच्या जागी चमचमते दाणे पसरतात; ते टिपायला आजूबाजूचे सगळे धावतात. इतका वेळ बाजूला निवांत फिरणारे, ओळखही न दाखवणारे, कुठून कुठून येऊन तोंड मारतात. ज्याने एखाद्या गावातल्या घराच्या वाटण्या पाहिल्या आहेत त्याला इथे नवीन शिकण्यासारखं काही नाही.

पण खेळ म्हणून तो उत्तम आहे, हे मान्य केलं पाहिजे. जुना साप काटकोनात वळायचा. हा लोण्यासारखा वळतो. काल जन्माला आलेला टीचभर किडा योग्य क्षणी आडवा आला, तर पडदाभर पसरलेला अजगर त्याच्यावर आपटून फुटतो. सरकारी कचेरीत अर्ज घेऊन उभ्या असलेल्या कुठल्याही माणसाला हे दृश्य बघून बरं वाटेल. वेग वाढवायचा तर अंग झिजवावं लागतं, हाही नियम न्याय्य आहे. अडचण एकच, ती म्हणजे आपला अंगठा. पूर्वी तो बटणावर असायचा आणि साप वर, स्वतःच्या पडद्यावर. आता अंगठा आणि साप एकाच काचेवर नांदतात. उजव्या कोपऱ्यात जे काही घडतं ते अंगठ्याखाली घडतं. माझे बहुतेक साप मला न दिसता गेले.

एवढ्या चांगल्या खेळाच्या नकला होणारच, आणि फोनवर आपल्यापर्यंत पोचतात त्या बहुधा नकलाच. अशा एका नकलेत, नाव घेत नाही, शिरल्या शिरल्या साप भेटत नाही. आधी 'आजची भेट' येते. ती घेतली की चक्र फिरवायचं असतं. चक्र फिरलं की नाणी मिळतात, आणि नाण्यांनी काय घ्यायचं तर सापाचे कपडे. सापाला कपडे! टोपी, गॉगल, पंख, पिझ्झ्याच्या नक्षीची कातडी. एकशिंगी घोड्याचं शिंग लावलेला साप तर मी प्रत्यक्ष पाहिला. साप दूध पीत नाही हे सांगून सांगून सर्पमित्रांच्या घशाला कोरड पडली. हा साप डोनट खातो. नागपंचमीला 'स्पेशल ऑफर' आली तर मला आश्चर्य वाटणार नाही. घरी चिरायचं नाही, तळायचं नाही, आणि फोनवर मात्र लाह्यांऐवजी दुप्पट नाणी.

गूगलने २०१९ मध्ये एप्रिल फूलच्या निमित्ताने नकाशाच्या ॲपमध्ये साप घातला होता, तो मला मनापासून आवडला. सापाच्या जागी आगगाडी. ती शहरभर फिरते, माणसं गोळा करते आणि प्रत्येक माणसागणिक लांब होते. कैरो, लंडन, टोकियो, सिडनी, साओ पाउलो, सॅन फ्रान्सिस्को ही शहरं त्यात होती. मुंबई नव्हती, हे योग्यच झालं. आमच्याकडे माणसं वाढतात, गाडीची लांबी तेवढीच राहते. हा खेळ मुंबईत चालवायचा तर त्याचे नियम नव्याने लिहावे लागले असते.

असो. मरण आणि जाहिरात यांचं चाललं होतं.

या जाहिराती कसल्या, तर बहुतेक दुसऱ्या खेळांच्याच. एका राजाच्या डोक्यावर तापलेला रस लटकलेला असतो, बाजूला खजिना, मध्ये खिट्या. एक अदृश्य बोट हमखास चुकीची खिटी ओढतं. राजा मरतो. पुन्हा तेच बोट, पुन्हा तीच खिटी. पाचवीच्या पोरालाही कळेल अशी चूक ते मुद्दाम करतं, म्हणजे आपल्याला चीड यावी आणि 'दे इकडे' म्हणून आपण तो खेळ उतरवून घ्यावा. म्हणजे माझा साप जिवंत व्हावा म्हणून मी एका राजाला पुन्हा पुन्हा मरताना बघायचं. संपल्यावर कोपऱ्यात फुली येते, तीही मुगाच्या दाण्याएवढी. ती दाबली की दुकान उघडतं, कारण ती खरी फुली नव्हती. खरी फुली दुसऱ्या कोपऱ्यात. ती दाबली की तिसरी. एवढं करून परत आलो की साप उभा राहतो, मंडळी पुन्हा पळायला लागलेली असतात, आणि आपण कुठल्या दिशेला तोंड करून मेलो होतो हे आठवायच्या आत तो पुन्हा आपटतो. आता जाहिरात नाही, आता नाणी लागतात. नाणी नसतील तर रुपये चालतात.

आमच्या घरात हे सगळं मनापासून, विधीपूर्वक करणारा एकच माणूस आहे, माझे सासरे. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत. सासूबाई त्यांच्या बहिणीकडे नाशिकला गेल्या आणि अण्णा आमच्याकडे ठाण्याला आले, तेव्हा आमच्या चिरंजीवांनी त्यांच्या फोनवर हा साप घालून दिला. अण्णांनी चष्मा पुसला, फोन दोन्ही हातांनी पंचांगासारखा धरला आणि सोफ्यावर मांडी घालून बसले ते बसलेच.

अण्णा जाहिरात मध्येच कापत नाहीत. त्यांना ते असभ्य वाटतं. दूरदर्शनच्या काळात बातम्यांआधीच्या जाहिराती संपूर्ण बघणारा हा माणूस. राजा मरताना ते हळहळतात. "अरे, वरची खिटी आधी काढ की," असं त्या बोटाला समजावतात. बोट ऐकत नाही. त्यावर, "हल्ली कुणाला सांगायची सोय राहिली नाही."

खेळातही त्यांची काही तत्त्वं आहेत. दुसरा साप एखाद्या दाण्याच्या जवळ पोचला असेल, तर अण्णा तो दाणा सोडून देतात. मेलेल्याचे दाणे लगेच टिपत नाहीत, जरा थांबतात. साहजिकच त्यांचा साप कायम हडकुळा. पण त्यांचं खरं दुःख वेगळं होतं. त्यांच्या पटावर 'राहुल किंग' नावाचा एक साप नेहमी यायचा. पिवळा, काळे पट्टे, डोक्यावर मुकुट. तो अण्णांना आडवा जायचाच. पहिले एक-दोन दिवस त्यांनी दुर्लक्ष केलं. मग जेवताना विषय निघू लागला.

"अहो जावईबापू, हा राहुल कोण असेल हो?"

"असेल कुणीतरी, अण्णा."

"दुपारी दीडलाही असतो, रात्री अकरालाही असतो. नोकरी वगैरे करत नसावा."

"मग तुम्ही तरी कुठे—" एवढं चिरंजीव बोलले आणि आईने डोळे वटारले म्हणून आमटीत बुडाले.

अण्णांना राग नव्हता, काळजी होती. तरण्याताठ्या पोराने असा दिवसभर सापात जीव घालवावा हे त्यांना बघवत नव्हतं. त्याला निरोप कसा पाठवायचा, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. शेवटी चिरंजीवांना राहवलं नाही. त्यांनी आजोबांच्या हातातला फोन घेतला, वरून पडदा खाली ओढून विमानाचं चित्र दाबलं आणि म्हणाले, "आजोबा, आता नेट बंद आहे बरं का. वायफाय नाही, काही नाही. आता खेळा."

पट उघडला. डावीकडून पिवळा, काळ्या पट्ट्यांचा, मुकुटवाला साप डुलत डुलत आला.

चिरंजीव विजयी मुद्रेने म्हणाले, "बघितलंत? राहुल वगैरे कुणी नाहीच. ही सगळी त्या गेमचीच माणसं आहेत. खोटी. नावं खरी वाटावीत म्हणून तशी ठेवतात."

अण्णा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नेट नसतानाही येतो? चिकाटी आहे पोराची."

त्यानंतरचा फरक त्यांच्या आधी माझ्या लक्षात आला. नेट नाही म्हणजे जाहिरात उतरत नाही. जाहिरात नाही म्हणजे हिरवं बटण नाही. अण्णांचा साप आपटला, आणि पडद्यावर नुसता आकडा आला. हृदय नाही, उलटी मोजणी नाही, राजा नाही. अण्णा जरा थांबले. "गेला वाटतं," म्हणाले आणि नवीन डाव सुरू केला. त्या संध्याकाळी ते जितके तास खेळले, एरवी त्यातले निम्मे खिट्या बघण्यात गेले असते. त्यांचा अंगठाही सुधारला. रात्री त्यांनी राहुल किंगला पहिल्यांदा फोडला, रीतसर दोन मिनिटं थांबले आणि मग एकेक दाणा टिपला.

ते विमान त्यांनी मग काढलंच नाही. सकाळी उठले, चहा, साप. दुपारी साप. फोन अगदी शांत असल्याबद्दल त्यांना बरंच वाटत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. नाशिकहून सासूबाई. आवाज वर चढलेला.

"यांचा फोन का लागत नाही? दोन दिवस झाले. बंद आहे, बंद आहे, एवढंच ती बाई सांगते. बरे आहेत ना?"

मी फोन अण्णांकडे दिला. अण्णांनी तो कानाला लावला, दुसऱ्या हातातला साप तेवढ्यात एका वळणावरून सुखरूप काढला आणि शांतपणे म्हणाले, "अगं, मी विमानात होतो."

पलीकडे क्षणभर आवाज नाही. मग मला चार हातांवरून स्पष्ट ऐकू आलं:

"तुम्ही? नाशिकरोडला उतरल्यावर दहा रुपयांसाठी तीन रिक्षा सोडता तुम्ही! तिकीट कोणी काढलं?"